कॅजिटनने काशीत काय सोडलं

आमच्या उत्तनमधून काशीला कोणी जात नाही. आम्ही ख्रिस्ती माणसं. जायचंच झालं तर वेलंकनीला जातो, नाहीतर गोव्याला, आणि गोव्याहून येताना काजू आणतो. त्यामुळे मी आणि माझा नवरा कॅजिटन बनारसला निघालोय हे कळल्यावर माझी जाऊ डेल्फिन दारातच आडवी आली.

"काय गो मॅबेल, धरम बदलला काय?"

"न्हाय गो. फिराला चाललोय," मी म्हटलं.

हे अर्धंच खरं होतं. बाकीचं अर्धं मी कोणाला सांगितलं नव्हतं, कॅजिटनला तर नाहीच. मला त्याच्याकडून दर्या सोडवायचा होता.

कॅजिटनने सत्तरी गाठलीय. जानेवारीत जाळं ओढताना तो होडीतच पडला आणि डाव्या खांद्यावर आपटला. खलाशांनी उचलून किनाऱ्याला आणला. थोडे दिवस घरी बसला. तेवढ्या दिवसांत भांडी कशी घासायची, मासळी कशी कापायची, हे सगळं त्याचं मला शिकवून झालं, आणि मग एका पहाटे पुन्हा बंदरावर गेला. आमचा स्टीवन काशीमीऱ्याला एका गोदामात सुपरवायझर आहे. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आला की तो एकच पाढा म्हणायचा, "पप्पा, आता बस करा. होडी दुसऱ्याला चालवायला द्या." पालथ्या घड्यावर पाणी. मी रडले, भांडले, एक दिवस चूल बंद ठेवली. तो नाक्यावर जाऊन वडापाव खाऊन आला. पण वारा सुटला की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. मी बाजारात बसून मासळी विकायचे आणि मनात एकच, आज येतोय की नाही. या वयात ही भीती मला नको झाली होती.

मी मीरा रोडला शांती नगरच्या बाजूला मासळी विकते. सरोजा माझं जुनं गिऱ्हाईक. राहते हाटकेशला, पण पापलेटसाठी माझ्याशी भांडायला इथवर येते. भांडता भांडता कधी मैत्रीण झाली तेही कळलं नाही. तिच्या सोसायटीतली माणसं बनारसला निघाली होती आणि तिच्या नणंदेचा पाय मोडल्यामुळे नणंद आणि नंदावा, दोघांच्या जागा रिकाम्या होत्या.

"तूच चल की," ती सहज म्हणाली. "आणि काशीला गेलं ना, की आवडीची एक गोष्ट तिथेच सोडून यायची असते. माझ्या सासूने वांगं सोडलेलं. मरेपर्यंत तोंडात घातलं नाही बघ."

माझा कोयता सुरमईत होता, तिथेच थांबला.

"गोष्ट म्हणजे खायचीच? काम सोडलं तर चालतं?"

"आवडीचं असलं म्हणजे झालं."

मी सुरमईचा एक तुकडा तिच्या पिशवीत जास्तीचा टाकला. ती चाट पडली. इतक्या वर्षांत मी तिला जास्तीची कोलंबीसुद्धा दिली नव्हती.

कॅजिटनला तयार करणं अवघड जाईल असं वाटलं होतं, पण त्याची एक खोड मला ठाऊक आहे. त्याला प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत माणूस जेवत नाही. रेडिओ कसा बोलतो म्हणून त्याने नवा रेडिओ उघडला होता आणि चर्चचं घड्याळ मागे का पडतं म्हणून फादरना न विचारता वर चढला होता. मी रात्री ताट वाढताना एवढंच म्हटलं, "काय रे, गंगेला भरती येत असल काय?"

"समुद्र लांब हाय तिथून. न्हाय येणार," तो म्हणाला. मग घास हातातच राहिला. "पन पानी केवडा मोठा हाय. सांगता न्हाय येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायच्या आधी म्हणाला, "सरोजाला सांग, आमी येतो."

जून लागला होता. मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या. त्याला हातात काम नव्हतं आणि मी तर मनात मांडे खात होते.

बनारसमध्ये उतरलो तेव्हा ऊन असं होतं की घाटाच्या दगडावर बोंबील टाकले असते तर दुपारी सुके काढता आले असते. पण काय गाव! मला वाटलं होतं, एवढं मोठं तीर्थ म्हणजे सगळं चिडीचूप असणार, आमच्या चर्चसारखं. इथे एकजण डोळे मिटून जप करतोय, त्याच्या शेजारी दुसरा चादरी आपटतोय, आणि दोघांच्या मधून म्हैस पाण्यात उतरतेय. कोणी कोणाला हटकत नाही. गल्ली एवढी अरुंद की समोरून बैल आला की आपणच कोणाच्या तरी घरात शिरायचं, आणि घरातली बाई म्हणणार, बैठिए. सरोजा आणि तिची माणसं देवळात गेली की आम्ही दोघं बाहेर सगळ्यांच्या चपला राखत बसायचो. मी बायकांच्या बांगड्या बघायचे, कॅजिटन पायऱ्या बघायचा.

"एवऱ्या पायऱ्या कशाला बांधल्या?" हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर आम्ही ठरवलेल्या नाववाल्याने दिलं. त्याचं नाव सूरज, पन्नाशीचा गडी, तोंडात पान.

"बाढ़ में गंगा मइया सब सीढ़ी चढ़ जाती हैं," तो म्हणाला. "जेठ में उतर जाती हैं."

"और रोज का? रोज भरती नहीं आती?"

"रोज क्या आएगी?"

"पानी ऊपर-नीचे. दिन में दो बार."

सूरजने पान थुंकलं आणि कॅजिटनकडे नीट पाहिलं. "साल में एक बार ऊपर, एक बार नीचे. बस."

"साल में एक बार!" कॅजिटनला एवढा आनंद झाला की त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यभर भरती-ओहोटी बघून उठणारा-झोपणारा माणूस. वर्षातून एकदाच चढणारं पाणी त्याने स्वप्नातही पाहिलं नव्हतं. मग त्याने वाकून बोट बुडवलं आणि चाटलं. "अळणी हाय," म्हणाला. सरोजाने डोळे मोठे केले, मग तीही हसत सुटली.

त्यानंतर सूरजची सुटका नव्हती. नावेला तळ चपटा का? लाकूड कुठलं? खिळे मारता की दोरीने आवळता? एका काठाला एवढं मोठं गाव आणि समोर नुसती वाळू, असं का? रात्री नाव कशाला बांधता, पाणी तर चढत-उतरत नाही? दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी माणसं हॉटेलात पंख्याखाली पडली होती, तर हा सूरजच्या नावेच्या सावलीत बसून त्याच्याशी बोलत होता. मी वरून हाक मारली तर हात हलवून म्हणाला, जा तू. मी गेले. मला माझ्या संध्याकाळची काळजी होती.

संध्याकाळी आरती बघायला आम्ही सूरजच्या नावेत बसलो. पाण्यावर नावाच नावा, मोठाले दिवे, घंटा. आमच्या बाजूच्या नावेतली एक परदेशी बाई डोळे पुसत होती. आरती संपली, सूरजने नाव जरा आत नेली, आणि सरोजाने खुणेने मला डोळा घातला. तिला मी अखेर सगळं सांगितलं होतं.

"चला, आता सोडायचं काम उरकून घेऊ," ती मोठ्याने म्हणाली. "मी पडवळ सोडलं."

पडवळ तिने कधी घरात आणलेलं मला आठवत नाही. तिचे शेजारी आत्मारामभाऊ म्हणाले, "मी फणस." त्यांची बायको फिस्सकन हसली. त्यांना फणसाने पोट फुगतं हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. कोणी कारलं सोडलं, कोणी शेपू. भाजीवाल्याचा माल संपत आला.

"कॅजिटनभाऊ, तुम्ही?" सरोजाने विचारलं.

"आमी ख्रिस्ताव. आमाला चालतं काय?"

"गंगा विचारत नाही हो."

"कंची गोष्ट सोडाची? नावडती का आवडती?"

सगळे ओशाळले. "आवडतीच सोडायची असते खरं तर," सरोजा म्हणाली.

कॅजिटनने उजवा हात पाण्यात बुडवला. मी मनातल्या मनात सेंट अँथनीला मेणबत्ती बोलले. मग तो म्हणाला, "मंग मी दर्या सोडला. होडीवर न्हाय जाणार."

आत्मारामभाऊंना बहुतेक आपला फणस टोचला. आणि मी? माझं घोडं गंगेत न्हालं होतं, अगदी खऱ्याखुऱ्या गंगेत. मला हसू आवरेना, रडू आवरेना. मी सरोजाचा हात दाबला, आत्मारामभाऊंच्या बायकोला उगाच मिठी मारली.

कॅजिटन माझ्याकडे सरकला आणि हळूच म्हणाला, "चाळीस दिस काय, बघता बघता जातील."

माझ्या आनंदाला एकदम खीळ बसली. त्याला हे आमच्या लेंटसारखं वाटत होतं! ईस्टरच्या आधीचे आमचे उपासाचे चाळीस दिवस. कॅजिटन दर वर्षी त्या दिवसांत दारू सोडतो आणि ईस्टरला दुप्पट पितो. चाळीस दिवस म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, आणि होड्या तर ऑगस्टशिवाय पाण्यात जातच नाहीत. फुकटात सोडलं होतं बेट्याने. काशीतलं सोडणं जन्मभराचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि मी पण नाही सांगितलं. तोंड उघडलं होतं, मिटून घेतलं. म्हटलं, आत्ता कशाला? घरी गेल्यावर ऑगस्टमध्ये सरोजाच सांगेल. कॅजिटनची एक गोष्ट आहे, पाण्यावर बोललेला शब्द तो मोडत नाही. दर्यात खोटं बोलणारा परत येत नाही असं त्याचा बाप म्हणायचा. एकदा कळलं की तो बांधला गेलाच. मी स्वतःला सांगितलं, मॅबेल, हे फसवणं नव्हे, हे नवरा वाचवणं आहे.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारी पलंग रिकामा. कुठे असणार? मी घाटावर गेले. ऊन अजून कोवळं होतं. सूरजच्या छोट्या नावेत कॅजिटन वल्ही घेऊन बसला होता, सूरज समोर आरामात विडी ओढत होता. कॅजिटन वल्हवत होता आणि काहीतरी विचारत होता, आणि चेहरा लग्नाच्या वेळी मी पाहिला होता तसा होता. घरी भांडी घासायला शिकवणारा म्हातारा कुठे गेला कोण जाणे. एवढ्यात डाव्या हातातलं वल्हं सुटलं आणि पाण्यात गेलं. सूरजने वाकून धरलं आणि परत दिलं. दोघेही हसले. मला वाटलं, वल्हं वेगळ्या धाटणीचं असेल.

पण मला पायरीवर बसवेना. या माणसाचं हे मी चोरून घेणार होते. मागून घेतलं असतं, भांडून घेतलं असतं, तर ती गोष्ट वेगळी. त्याच्या अज्ञानावर घ्यायचं म्हणजे तराजूला अंगठा लावणं, आणि तसं मी गिऱ्हाइकाशीसुद्धा कधी केलेलं नाही. सरोजा काहीही म्हणो.

तो वर आला. मी मातीच्या दोन कुल्हडांत चहा घेतला, एक त्याच्या उजव्या हातात दिला आणि एका दमात बोलून टाकलं. "ऐक. ते चाळीस दिसांचं नसतं. जन्माचं असतं. काशीत सोडलं ते सोडलं. तुला ठाऊक नवतं, म्हून ते धराचं न्हाय. तू ऑगस्टला खुशाल जा."

त्याने चहा फुंकला. "ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"जन्माचं असतं ते. तुमी सगली सोडाचं बोलत व्हती, म्हून काल दुपारीच विचारलं मी सूरजला. त्याच्या बानं तंबाखू सोडलेली, मेला तरी खाल्ली न्हाय."

"मंग मला चाळीस दिस कशाला बोललास?"

"तुझा तोंड बघितला म्हून!" तो एकदम तापला. "मी माजा दर्या सोडतंय, आन् ही शेजारनीला मिठ्या मारतंय. पेढं वाटाचं तेवडं बाकी ठेवलंस. राग आला मला."

मला लाज वाटली, आणि खरं सांगते, हसूही आलं. मग हसू गेलं. "पन ठाऊक व्हतं तर सोडलास कशाला? आमी इतकं म्हैनं बोंबलतोय, ऐकला न्हायस."

त्याने कुल्हड पायरीवर ठेवला आणि डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. "दाब," म्हणाला.

मी दाबला.

"दाब ना."

मी नखं रुतवली. मासळी साफ करून माझी बोटं लोखंडासारखी झालीत, लहान पोरं माझा चिमटा आयुष्यभर विसरत नाहीत. कॅजिटन नदीकडे बघत होता.

"दाबलास काय?" त्याने विचारलं.

त्याच्या हातावर माझ्या नखांच्या खुणा उमटल्या होत्या. म्हणजे जानेवारीपासून. म्हणजे जाळं, दोर, वल्हं, सगळं हा माणूस एका हातावर करत होता आणि दुसरा हात नुसता सोबत न्यायचा. भाईंदरला डॉक्टरला दाखवून आला होता, एकटाच. शीर दुखावलीय, हात आता असाच राहणार, असं डॉक्टर म्हणाले होते. खलाशांना सांगितलं नव्हतं, स्टीवनला नाही, मला नाही.

"मला का न्हाय बोललास?"

"तुला बोललो असतो तर दुपारपर्यंत आख्ख्या मीरा रोडला कळलं असतं." हे खरं होतं. मग तो हळू बोलायला लागला. "गावात काय सांगू? नाखव्याचा हात गेला? उद्यापास्नं पोरं माजा हात धरून बंदरावर बसवतील. खुर्ची देतील. बिचारा म्हनतील. मला ते नको. दर्या सुटाचाच व्हता, बाय. पन सोडाला जागा पायजे व्हती. हितं जागा गावली. आता कोनी विचारलं तर सांगन, काशीला जाऊन सोडला."

"ख्रिस्ताव मानूस काशीत सोडतो, गाव हसंल."

"हसू दे. हसल, कीव तर न्हाय करनार."

मी त्याचा तो हात दोन्ही हातांत धरून बसून राहिले. त्याला कळत नव्हतं हे मला माहीत होतं, तरी धरला.

ऑगस्ट लागला. होड्या पाण्यात ढकलायच्या दिवशी फादर बंदरावर आले, प्रत्येक होडीवर पवित्र पाणी शिंपडलं. आमची होडी डेल्फिनचा मुलगा नेणार होता. कॅजिटन इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध उभा होता आणि जो भेटेल त्याला गंगेला भरती कशी वर्षातून एकदाच येते हे सांगत होता.

"नाखवा, चल की," एकाने होडीतून हाक मारली.

"मी न्हाय. मी काशीत सोडला दर्या," कॅजिटन म्हणाला.

बंदर हसलं. फादरही हसले. कोणी ओरडलं, "आता कपाळाला गंध लाव!" कॅजिटन सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. पण डेल्फिन हसली नाही. ती भुवई चढवून माझ्याकडे वळली. माझी जाऊ आहे ती, तिचे डोळे मला ठाऊक आहेत.

"खरा सांग मॅबेल. बरा न्हाय काय त्याला? जलमभर दर्यावर गेलेला मानूस असा कसा सोडंल?"

आजूबाजूच्या बायकांनी कान टवकारले. पलीकडे कॅजिटनचं हसणं मधेच थांबलं, मला पाठीनेसुद्धा कळलं. आयुष्यात मला एखादी बातमी पोटात ठेवता आली नाही, आणि ही तर केवढी मोठी.

मी कपाळावर हात मारला. "काय सांगू गो तुला! चांगला धडधाकट मानूस. पाया पडले मी त्याच्या गंगेत. म्हटलं, अजून दहा वर्सं जाशील, नको सोडू. ऐकतो काय माजं? कंदी ऐकलाय?"